डाग काढायचं पाणी

माझ्या नवऱ्याच्या मरणाची हकिगत डॉक्टरांच्या एका मासिकात छापून आली आहे. त्यात त्याचं नाव नाही. 'एकेचाळीस वर्षांचा पुरुष, व्यवसाय लाकडी सामानाला पॉलिश करणे' एवढीच त्याची ओळख. तो शीळ काय सुंदर वाजवायचा, चहात साखर घालून ढवळायला कसा कायम विसरायचा आणि मग शेवटचा घोट गोड लागला की स्वतःवरच कसा खूश व्हायचा, यातलं अक्षरही त्यात नाही. मी डॉक्टरीणबाईंना तसं तोंडावर बोलून दाखवलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, शब्दांची मर्यादा असते. मग मी गप्प बसले, कारण त्यांचा काही दोष नव्हता. मला कुणावर तरी चिडायचं होतं आणि त्या समोर होत्या.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. समोर आलेल्या माणसाचा चेहरा मी नंतर बघते, आधी त्याच्या नाकावर काय बसलंय ते बघते. या डॉक्टरीणबाई पहिल्यांदा दिसल्या तेव्हाच लक्षात आलं की त्यांच्या चष्म्याची डावी काडी वाकलेली आहे. भिंगं नाकावर तिरकी बसायची आणि त्या सारख्या बोटाने ती वर ढकलायच्या. नवरा खाटेवर पिवळाधमक होऊन पडलेला आणि माझ्या मनात येतंय, बाई, दोन मिनिटं द्या, काडी सरळ करून देते. डोकं ठिकाणावर नसलं की असं काहीतरी सुचतं.

आमच्या घरात तिघं. मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना मी मामंजी म्हणते. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या होत्या. घराला लागून कारखाना, म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांब खोली आणि तिच्या मागे एक कोठडी. पुढच्या खोलीत बापलेक कपाटं, टेबलं, खुर्च्या घासायचे आणि चमकवायचे. मागच्या कोठडीत मामंजी एकटे पॉलिश तयार करायचे, दार लावून. आमचं पॉलिश तासाभरात सुकायचं आणि त्यात तोंड दिसायचं. लोक लांबून सामान पाठवायचे ते त्या पॉलिशसाठी. त्यात काय पडतं ते मामंजींनी सख्ख्या मुलालाही सांगितलं नव्हतं. वेळ आली की सांगेन, म्हणायचे. नवरा हसायचा. म्हणायचा, म्हाताऱ्याला वाटतंय मी ते शिकून शेजारी दुकान थाटीन.

पॉलिशवाल्याचे हात कधी स्वच्छ नसतात. त्याचे हात कितीही चोळले तरी तपकिरीच राहायचे. न्हाणीघरातला साबण त्याने धरला की चॉकलेटची वडी व्हायची. यावरून मी इतकी कटकट केली की शेवटी त्याच्यासाठी वेगळी वडी आणली, कारखान्यातल्या नळाजवळ खुंटीला डबा अडकवून त्यात ठेवली आणि बजावलं, तुझा साबण तो, माझ्या साबणाला हात लावायचा नाही. तो गेल्यावरही ती वडी तिथेच होती. अर्धीसुद्धा झिजली नव्हती.

ओल्या फडक्यांनी त्याच्या नखांत बुरशी धरली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली. साधी गोळी, कितीतरी लोक घेतात. काही दिवसांनी तळहातावर जांभळट चट्टे आले. मी विचारलं, हे काय नवीन? तो म्हणाला, महागाचा रंग आहे, हातालाही चढलाय. आम्ही दोघंही हसलो. त्या हातांवर रोज नवा डाग असायचा. डाग बघून दचकायचं, तर पॉलिशवाल्याशी लग्नच करायला नको होतं.

मग त्याला थकवा येऊ लागला. शीळ बंद झाली. एका सकाळी डोळ्यांचं पांढरं पिवळं दिसलं म्हणून हॉस्पिटलात नेलं, आणि तिथून तो परत आला नाही. मोठे डॉक्टर यायचे, रक्ताचे कागद बघायचे आणि यकृत, यकृत करत जायचे. या डॉक्टरीणबाई तिथे अजून शिकत होत्या. त्यांनी एकट्यांनी त्याचा हात उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला आणि मला विचारलं, हे चट्टे आधी आले की कावीळ आधी? मी सांगितलं, चट्टे. त्यांनी परवानगी घेऊन दोन्ही तळहातांचा फोटो काढला. तेव्हा तो शुद्धीत होता. म्हणाला, चेहऱ्याचा काढा की, हातांचा काय काढता. ते त्याचं माझ्या कानावर पडलेलं शेवटचं धड वाक्य.

दुसऱ्या दिवशी तो गेला. कागदावर कारण लिहिलं, यकृत निकामी झाल्यामुळे. का निकामी झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. दारू तो पीत नव्हता, दुसरा कसला आजार नव्हता. धडधाकट माणूस असा डोळ्यांदेखत जातो आणि कागद म्हणतो यकृत. हे म्हणजे घर जळालं आणि कुणीतरी येऊन सांगितलं की आग लागली होती.

महिन्याभराने डॉक्टरीणबाई घरी आल्या. दुपार होती. मी कामावर जायला लागले नव्हते. मामंजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. बाईंनी पाणी घेतलं, चष्मा वर ढकलला आणि सांगितलं की त्यांना माझ्या नवऱ्याचा केस रिपोर्ट लिहायचा आहे. मला तो शब्द नवा होता. मी विचारलं, पोलिसात? त्या गडबडल्या. मग त्यांनी नीट समजावलं. एखादा रुग्ण असा येतो की त्याचा आजार पुस्तकात सापडत नाही. मग त्याचं सगळं लिहून काढायचं, काय झालं, कशानंतर काय झालं, कोणती औषधं चालू होती, आणि ते छापायचं. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरसमोर तसाच रुग्ण आला तर त्याला ते सापडतं.

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, ताई," त्या म्हणाल्या. "नुसता इशारा असतो. पण पहिला कुणीतरी लिहून ठेवला नाही, तर दुसरा आला तरी ओळखू येत नाही."

त्यांना माझी सही हवी होती, फोटो छापायलाही. म्हणाल्या, काळजी करू नका, चेहरा नाही, फक्त हात आहेत, कुणी ओळखणार नाही. मला इतका राग आला. डाव्या करंगळीचं टोक पटाशीखाली चपटं झालेलं, उजव्या अंगठ्याखाली भाजल्याचा व्रण, मधल्या बोटाचं पेर वाकडं. चेहऱ्याचं एक वेळ चुकेल, पण हजार हातांत ते हात मी डोळे मिटून ओळखले असते. तसं मी म्हटलंही. मग मी सही केली. का झालं ते मला कळायला हवं होतं, आणि जगात दुसरं कुणी ते विचारत नव्हतं.

बाईंचा अंदाज असा होता की ती गोळी आणि पॉलिशमधलं काहीतरी, दोन्ही मिळून विष झालं. नुसती गोळी लाखो लोक घेतात, नुसतं पॉलिश मामंजींनी जन्मभर हाताळलं, कुणालाच काही झालं नाही. दोन्ही एका अंगात आली आणि घात झाला. पण पॉलिशमध्ये काय होतं ते कळल्याशिवाय रिपोर्ट लंगडा राहणार होता. 'कुठलंसं द्रावण' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार? त्यांनी मामंजींना अदबीने विचारलं, काका, त्यात काय काय घालता?

मामंजी म्हणाले, "पॉलिशमध्ये पॉलिश असतं." आणि उठून आत गेले.

बाईंनी मला विचारलं, थोडं उरलं असेल का, तपासायला नेता येईल. मी त्यांना कोठडीकडे घेऊन गेले. दार उघडलं आणि दारातच थांबले. कोठडी रिकामी होती. पिंपं नव्हती, बाटल्या नव्हत्या, फडकी नव्हती. फरशी धुऊन काढलेली, फळ्यासुद्धा पुसलेल्या. मुलगा गेल्यापासून जो माणूस जेवायला हाक मारली तरी उठत नव्हता, त्याने हे कधी केलं? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. दुःखाने कुणी फळ्या पुसत नाही.

त्यानंतर आमच्या घरात जी शांतता पसरली ती कुणाला सांगून कळायची नाही. मी कामावर जाऊ लागले. सकाळी त्यांचा डबा झाकून ठेवायचा, संध्याकाळी येऊन भांडी घासायची. ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते आणि मी नजर काढत नव्हते. भावाने दोनदा विचारलं, तू आता तिथे कशाला राहतेस, आमच्याकडे ये. जावं असं वाटायचं. पण उत्तर या घरात होतं, आणि ते उत्तर तोंड मिटून माझ्या समोर जेवत होतं.

एकदा मला राहवलं नाही. मी वाढता वाढता पातेलं आपटलं आणि विचारलं, का नाही सांगत? ते सूत्र घेऊन मी दुकान काढणार आहे का आता? मामंजींनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"काय लिहायचंय त्या बाईला?" ते म्हणाले. "बापाने पोराला मारलं, असं?"

ते ताटावरून उठले, आणि त्या दिवशी मीही जेवले नाही.

मग फोटो आला. छापण्याआधी घरच्यांनी बघून हो म्हणायचं असतं, म्हणून बाईंनी तो मोठा करून पाठवला होता. मी पाकीट उघडलं, एकदा बघितला आणि टेबलावर पालथा घालून कामावर निघून गेले. परत आले तेव्हा मामंजी टेबलाशी बसलेले होते आणि फोटो सुलटा त्यांच्यासमोर होता. त्यांना जवळचं दिसत नाही. चष्मा करून देते म्हणून मी वर्षानुवर्षं मागे लागलेय, पण ऐकतील तर शपथ. ते फोटो हात लांब करून धरत होते, मग डोळ्यांजवळ आणत होते. किती वेळ असे बसले होते कुणास ठाऊक. दिवासुद्धा लावला नव्हता.

मी दिवा लावला. ते म्हणाले, "हा असाच छापणार?"

मी म्हटलं, हो.

"हे बघून कुठलाही पॉलिशवाला काय म्हणेल सांगू? डाग आहे म्हणेल. घासून काढ म्हणेल."

मी त्यांच्या हातातून फोटो घेतला आणि तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. चट्ट्यांच्या मधोमध कातडी सोलवटलेली होती. लालसर, ओरबाडल्यासारखी. हॉस्पिटलात मला ते दिसलं नव्हतं. मी तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"मीच म्हणालो," मामंजी म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. खूप वर्षांपूर्वी कपडे धुणाऱ्या दुकानातल्या त्यांच्या एका मित्राने त्यांना डाग काढायचं एक जुनं पाणी दिलं होतं. ते पुढे बाजारात मिळेनासं झालं, पण मित्राकडे साठा होता. मामंजींनी ते सहज पॉलिशमध्ये घालून बघितलं, आणि पॉलिश असं काही चमकलं की तेच आमच्या घराचं नाव झालं. एवढंच ते गुपित. आणि मुलाच्या हातावर चट्टे आले तेव्हा त्यांनीच त्याला म्हटलं, साबणाने हे जायचे नाहीत, हे घे. कोठडीतली बाटली आणून हातात दिली. हे चोळ, याने न निघणारा डाग अजून जन्माला यायचाय. तो रोज संध्याकाळी काम संपलं की ते पाणी तळहातावर ओतून घासायचा. चट्टे वाढले, तसा जास्त घासायचा. हात झोंबतात म्हणाला, तर मामंजींनी त्याला हसून म्हटलं होतं, पॉलिशवाल्याचा पोर ना तू.

सांगताना ते रडले नाहीत. कुणाच्या तरी कपाटाची मोडतोड कशी झाली ते सांगावं तसं सरळ सांगत गेले. मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटत होतं यांना गदागदा हलवावं. मला वाटत होतं यांच्या पाया पडावं आणि म्हणावं, पुढचं सांगू नका. यातलं मी काहीच केलं नाही. मी त्यांना विचारलं, डॉक्टरांना सांगाल? ते म्हणाले, चल.

बाईंची खोली म्हणजे वजनकाटा, एक टेबल आणि भिंतीला टेकवलेल्या दोन खुर्च्या. मामंजींनी पुन्हा सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. बाई लिहीत होत्या. बाटलीपाशी आल्यावर त्यांचं पेन थांबलं.

"लिहा," मामंजी म्हणाले.

बाई म्हणाल्या, काका, तुम्हाला कसं माहीत असणार, त्या गोळीचं आणि याचं असं काही होतं हे आम्हालाच माहीत नव्हतं. आणि हेच कारण आहे असंही अजून म्हणता येत नाही. कदाचित हात घासले नसते तरी तुमचा मुलगा वाचला नसता. मामंजी म्हणाले, ते तुम्ही ठरवा, मी घडलं ते सांगितलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तोंड पुसलं. मी तो चष्मा उचलला, काडी दोन बोटांत धरून बिजागरीपाशी हळूच वळवली, सरळ करून त्यांच्या हातात दिला. हाताला काहीतरी काम हवं होतं. त्यांनी तो घातला आणि तो नाकावर नीट बसला.

रिपोर्ट छापून यायला बराच काळ गेला. कुणी कुणी तपासतात, दुरुस्त्या सुचवतात, म्हणे. आला तेव्हा बाईंनी एक प्रत घरी आणून दिली, आणि मी ती मामंजींना वाचून दाखवली. डॉक्टरी शब्दांवर मी अडखळत होते, ते न हलता ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. म्हणाले, ते परत वाच.

मी वाचलं. 'तळहातावरील चट्टे हे कामाचे डाग आहेत असे समजून रुग्ण ते रोज याच द्रावणाने घासत असे. अशा कामगारांत हे लक्षण डाग म्हणून दुर्लक्षिले जाण्याची शक्यता आहे. चट्टे दिसताच गोळी बंद करावी व हात केवळ साबणाने धुण्यास सांगावे.'

"मी दिलं, हे लिहिलं नाही?"

नाही लिहिलं, मी म्हटलं. त्याची गरज नसेल. त्यांनी मान हलवली. त्यांना ते आवडलं नव्हतं. मी शेवटचा परिच्छेद वाचला. त्यात होतं की एकाच रुग्णावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, केवळ शक्यता दिसते, आणखी नोंदींची आवश्यकता आहे.

"म्हणजे काय?" मामंजींनी विचारलं. "मी, की मी नाही?"

मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही असं लिहिलंय.

"नक्की कधी येईल सांगता?"

"असा दुसरा कुणी निघाला तर."

ते म्हणाले, देव करो आणि न निघो. पण दुसऱ्याच दिवशी मी कामावरून आले तर त्यांनी विचारलं, बाईंचा फोन आला होता का.

आणि मग ते रोज विचारू लागले. तोंडाने नाही, तर मी दार उघडून आत आले की माझ्याकडे बघायचे. मी मानेनेच नाही म्हणायचे. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखंही दिसायचं आणि खचल्यासारखंही. दुसरा निघाला नाही, तर त्यांनी पोराला मारलं नाही असं म्हणायला जागा होती. पण मग तो उगाचच गेला, असा कधीतरी एखादा जातो तसा, आणि त्या दोन पानांचा कुणाला काही उपयोग नाही. दुसरा निघाला, तर ती पानं उपयोगाची, पण मग ते बापानेच केलेलं. मला तरी काय वेगळं वाटत होतं? दुसरा सापडावा असं मला वाटायचं, म्हणजे कुणाचा तरी नवरा पिवळा पडावा असंच ना. ते मनात आलं की मला माझीच शिसारी यायची.

अशात मी मामंजींचे डोळे तपासून घेतले. या वेळी ते नाही म्हणाले नाहीत. साधी काळी फ्रेम बसवून दिली. चष्मा घातल्यावर त्यांनी आधी तो रिपोर्ट मागितला आणि स्वतः वाचला, ओळीखाली बोट धरून. मग रोज वाचायला लागले. पानांच्या घड्या झिजल्या. कारखाना बंदच होता. कुणी खुर्ची वगैरे घेऊन आलं तर ते दारातूनच परत पाठवायचे.

आमच्यात बोलणं मात्र सुरू झालं होतं. मी त्यांना माफ केलं होतं का? मला माहीत नाही. कधी त्यांचं ताट पुढे ठेवून मी तशीच उठून बाहेर जायचे. कधी ते खोकले तर मी झोपेतून उठून पाणी घेऊन जायचे. भावाला मी सांगून टाकलं की मी येत नाही. का, ते त्याला सांगता आलं नाही. माझ्यासारखी नवऱ्याची शीळ रोज ऐकलेलं माणूस आता जगात एवढं एकच उरलं होतं, एवढं मला कळत होतं.

त्यानंतर एका रविवारी दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. फोन न करता. त्यांच्या हातात कागद होते, आणि त्या दारात उभ्या राहिल्या तशाच मला कळलं. मामंजींनाही कळलं. ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

दुसरा रुग्ण म्हणजे लांबच्या एका शहरातली बाई होती. जुन्या चित्रांच्या लाकडी चौकटी साफ करायचं काम करायची. तिच्याकडेही ते जुनं पाणी कुठून तरी आलेलं, आणि तिलाही नखांसाठी तीच गोळी चालू होती. तळहातावर चट्टे आले. ती दुसऱ्याच कसल्या तरी दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेली असताना त्यांचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. त्यांनी शोधलं. जगात एकच नोंद सापडली, आणि तिच्यासोबत एक फोटो. फोटो बघून त्यांनी तिथल्या तिथे गोळी बंद केली. तिला सांगितलं, त्या पाण्याला हात लावायचा नाही, नुसत्या साबणाने हात धुवायचे. तिचं यकृत बिघडायला लागलेलं होतं, ते सावरलं. चट्टे हळूहळू गेले.

मामंजींनी चष्मा घातला आणि कागद हातात घेतले. त्यातही फोटो होता, त्या बाईच्या तळहातांचा. नाजूक बोटं, आणि तेच जांभळट चट्टे. पण मधे कुठे सोललेलं नव्हतं. मामंजींनी तिथे बोट ठेवलं आणि उचललंच नाही.

"घरी गेली ही?" त्यांनी विचारलं.

"गेली, काका."

"चालत?"

"चालत गेली."

ते खाली बसले. बाई सांगू लागल्या की काका, तुम्ही ते सांगितलं नसतं तर हे त्यांना सापडलंच नसतं, त्या डॉक्टरांनी मुद्दाम कळवायला सांगितलंय. मामंजींनी हाताने त्यांना थांबवलं. त्यांना ते नको होतं. ते माझ्याकडे वळले.

"सूनबाई," ते म्हणाले, "आता नक्की झालं ना?"

बाई लगेच म्हणाल्या, अजूनही दोनच रुग्ण आहेत, काका, तसं शास्त्रीयदृष्ट्या म्हणता येत नाही. त्या त्यांना सोडवू पाहत होत्या. मलाही तेच करता आलं असतं. डॉक्टर सांगतायत ना मामंजी, असं म्हटलं की झालं. पण मामंजी डॉक्टरांना विचारत नव्हते. ते मला विचारत होते. एवढे दिवस ज्या एका उत्तरासाठी मी या घरात राहिले, तेच ते माझ्याकडे मागत होते, आणि त्यांच्याशी खोटं बोलले असते तर मग आमच्यात काहीच उरलं नसतं.

"हो, मामंजी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी जाऊन त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. तोही तसाच होता, कितीही धुतला तरी तपकिरी. मुलगा गेला तेव्हा न रडलेला माणूस तेव्हा रडला. मीही रडले. बाई दारापाशी उभ्या होत्या, मग आवाज न करता निघून गेल्या.

बऱ्याच वेळाने मामंजी काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं नाही, म्हणून मी वर बघितलं. त्यांची नजर त्या फोटोवर नव्हती. ते उघड्या दारातून कारखान्याकडे बघत होते, नळाजवळच्या खुंटीला अडकवलेल्या डब्याकडे.

"साबण घरातच होता गं," ते म्हणाले.